रेसिंग कारचं स्टिअरिंग: गोल घ्यायचं, चपटं घ्यायचं की एफ-वनसारखं?

फ्रंटहूप_२१

नमस्कार मंडळी. फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थी स्वतः रेसिंग गाडी बनवून उतरतात ती स्पर्धा) प्रकारच्या सिंगल सीटर गाडीचं स्टिअरिंग ठरवायचं आहे. इंजिन मोटरसायकलचं, सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, पॅडल शिफ्ट. पॉवर स्टिअरिंग नाही. टीममध्ये सरळ दोन तट पडलेत. एका तटाला एफ-वनसारखं हवंय: वर-खाली उघडं, दोन बाजूंना मुठी, मध्ये डिस्प्ले आणि पंधरा-वीस बटणं. दुसरा तट म्हणतो, २५० मिमीचं साधं गोल लावा आणि विषय संपवा.

प्रश्न असे:

१. एफ-वनने गोल स्टिअरिंग सोडलं ते नेमकं कशामुळे? ते कारण आमच्या गाडीला लागू पडतं का?
२. व्यास किती ठेवावा? आत्ता पिनियनच्या (कॉलमच्या टोकाच्या दातेरी गिअरच्या) एका फेऱ्यात रॅक (तो गिअर सरकवतो ती दातेरी पट्टी) ६३ मिमी सरकतो, स्टिअरिंग आर्म (चाकाला वळवणारा दांडा) ७० मिमी आहे आणि पुढच्या चाकांना २५ अंश वळण हवंय.
३. क्विक रिलीज (स्टिअरिंग झटक्यात काढायची जोडणी) हेक्सचा म्हणजे षटकोनी घ्यावा की स्प्लाइनचा म्हणजे दातेरी?
४. बटणांचं वायरिंग करताना नंतर डोकं धरायची वेळ कुठे येते?

(खाली ‘स्टिअरिंग’ म्हणजे हातातलं आणि ‘चाक’ म्हणजे रस्त्यावरचं असं धरून चालू, नाहीतर गोंधळ होईल.)

---

जुना_गिअर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, पण ते कळलं तर तुमच्या टीममधलं भांडण निम्मं मिटेल.

अगदी सुरुवातीच्या मोटारींना स्टिअरिंग नव्हतंच, होडीच्या सुकाणूसारखा दांडा असायचा. १८९४ च्या पॅरिस ते रुआँ स्पर्धेत वाशेरों याने आपल्या पानार गाडीला गोल स्टिअरिंग लावलं, शर्यतीतलं पहिलं म्हणून त्याचंच नाव घेतात. दांड्याची अडचण साधी होती. चाक खड्ड्यात आपटलं की झटका थेट हातात यायचा आणि वेग वाढला की दांड्याची जराशी हालचालही जास्त व्हायची. गोल स्टिअरिंगमुळे मध्ये गिअरचं गुणोत्तर घालता आलं.

१९५० च्या दशकातल्या ग्रां प्री गाड्यांचे फोटो काढून पाहा. लाकडी रिम, व्यास ४०० मिमीच्या आसपास, ड्रायव्हर ताठ बसलेला, कोपर बाहेर. इंजिन पुढे, पुढच्या चाकांवर वजन भरपूर, कसलाही असिस्ट नाही, आणि टायर घसरत असल्यामुळे उलटं स्टिअरिंग सतत द्यावं लागायचं. एवढा मोठा रिम ही चैन नव्हती, ती पहार होती. पहार जितकी लांब तितका जोर कमी.

नंतर इंजिन मागे गेलं. १९६२ मध्ये लोटस २५ ही मोनोकॉक (वेगळी चौकट नाही, कवचच भार घेतं) गाडी आली आणि ड्रायव्हर जवळजवळ आडवा झोपला. गाडी अरुंद झाली, मोठं स्टिअरिंग मांड्यांना आणि कॉकपिटच्या कडांना लागायला लागलं. म्हणजे स्टिअरिंग लहान झालं ते आधी जागेमुळे. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला होता म्हणून ते परवडलं, एवढंच.

मोठा बदल १९८९ चा. डिझायनर जॉन बार्नार्डने फेरारी ६४० मध्ये गिअरचा दांडा काढून टाकला आणि स्टिअरिंगच्या मागे दोन पॅडल दिली. सात गिअर, हायड्रॉलिकने बदलणारे, इलेक्ट्रॉनिक हुकमावर. क्लचचं पेडल होतं, पण ते गाडी जागेवरून हलवण्यापुरतं. एरवी फायदा सांगतात तो वेगवान शिफ्टचा. पण दांडा गेला तशी त्याची गाडीभर जाणारी जोडणीही गेली आणि कॉकपिट आणखी अरुंद करता आलं, हा फायदाही तेवढाच मोठा. ब्राझीलमधल्या जाकारेपाग्वाला पहिल्याच शर्यतीत ड्रायव्हर मॅन्सेल ती गाडी घेऊन जिंकला. गंमत म्हणजे त्या शर्यतीत स्टिअरिंगच ढिलं झालं आणि पिटमध्ये दुसरं लावावं लागलं. त्या मोसमात ती गाडी वारंवार बंद पडली आणि गिअरबॉक्सला धड वीज न मिळणं हे त्यातलं मोठं कारण होतं. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं बीज तिथेच आहे: एकदा गिअर विजेवर नेला की तारेतला दोष हा गिअरबॉक्सचा दोष होतो.

हात रिमवरून उठवायचंच कारण उरलं नाही, म्हटल्यावर रिमचा वरचा आणि खालचा भाग कशाला हवा? ड्रायव्हर तीन आणि नऊच्या जागी पकडतो आणि ती पकड पूर्ण लॅपभर सोडत नाही. वरचा भाग नजरेआड येतो, खालचा मांडीला लागतो. दोन्ही गेले. पण याच्या मुळाशी एक अट आहे: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना १८० अंशांच्या आतच फिरलं पाहिजे. एफ-वनमध्ये हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे, म्हणून गुणोत्तर इतकं झटपट ठेवता येतं. नियम फक्त श्रम कमी करायला परवानगी देतात. विजेवर चालणारा किंवा इलेक्ट्रॉनिक हुकमावर चालणारा असिस्ट चालत नाही. त्यांनाही मोनॅकोच्या हेअरपिनसाठी वेगळी सोय करून जास्तीचं वळण मिळवावं लागतं.

रॅली गाड्या पाहा, अजून गोलच. घसरणीत ड्रायव्हर हात बदलतो, रिम हातातून सरकू देतो, वरून खेचतो. तिथे कुठेही हात टाकला तरी रिम सापडला पाहिजे. नॅस्कारमध्येही मोठं गोल स्टिअरिंग टिकून आहे.

बटणं मात्र टप्प्याटप्प्याने वाढली. आधी रेडिओ, पाण्याचा पंप, इंजिन बंद. टर्बोच्या काळात बूस्ट. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्प्ले स्टिअरिंगवर आला. २००९ मध्ये कर्स (ब्रेकिंगची ऊर्जा साठवून वापरणं), २०११ मध्ये डीआरएस (सरळ रस्त्यावर मागचा पंख उघडणं), २०१४ मध्ये हायब्रिड इंजिनाबरोबर मोठा डिस्प्ले आणि ब्रेक-बाय-वायर (इलेक्ट्रॉनिक हुकमावरचे मागचे ब्रेक). विल्यम्सने तर कितीतरी वर्षं डिस्प्ले स्टिअरिंगवर न ठेवता कॉकपिटच्या पुढच्या कडेला बसवला. स्टिअरिंग हलकं राहतं आणि वळतानाही आकडे सरळ दिसतात. तुम्हाला हा पर्याय मनापासून सुचवेन.

---

डावा_टायरॉड

वरच्या १८० अंशांच्या अटीवरच पुढचं सगळं उभं आहे, म्हणून आधी तुमचे आकडे मांडू.

आर्म ७० मिमी, वळण २५ अंश. रॅकचा प्रवास साधारण ७० गुणिले साइन २५, म्हणजे ३० मिमीच्या जवळ. (अॅकरमनमुळे आतलं आणि बाहेरचं चाक वेगळं वळेल, पण अंदाजाला हे पुरे.) एका फेऱ्यात ६३ मिमी म्हणजे ३० मिमीसाठी जवळपास पावणेदोनशे अंश, नेमके बोलायचं तर १७१. एवढं फिरवलं की हात एकमेकांवर चढतात. मनगट आणि कोपर न अडखळता साधारण १२० अंशांपर्यंत जातात, त्यापुढे एक हात सोडावा लागतो. आणि उघड्या आकाराच्या स्टिअरिंगवर हात सोडला की परत पकडायला तिथे काही नसतं. तुमच्या स्पर्धेत हेअरपिनचा बाहेरचा व्यास ९ मीटरपर्यंत खाली येतो, म्हणजे पूर्ण लॉक प्रत्येक लॅपला लागणार.

आता १२० अंशांत बसवायचं तर एका फेऱ्यात रॅक ९० मिमी सरकला पाहिजे. तो बदल फुकट मिळत नाही. समजा वळणात टाय रॉडकडून (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्याकडून) रॅकवर ६०० न्यूटन जोर येतोय.

६३ मिमीच्या पिनियनला कॉलमवर टॉर्क: ६०० गुणिले ०.०१० मीटर, म्हणजे ६ न्यूटन-मीटर.
९० मिमीच्या पिनियनला: ६०० गुणिले ०.०१४३, म्हणजे ८.६ न्यूटन-मीटर.

२५० मिमी व्यासाच्या रिमवर, म्हणजे १२५ मिमी त्रिज्येवर, हे होतात ४८ आणि ६९ न्यूटन. २८० मिमी घेतला तर ४३ आणि ६१. साधारण ७ किलोचं वजन दोन हातांनी धरून लॅपमागून लॅप मारायचे. खांदे भरून येतात आणि शेवटच्या लॅप्समध्ये ड्रायव्हर वळण उशिरा घ्यायला लागतो. डेटामध्ये ते अंडरस्टिअरसारखं (पुढची चाकं घसरून गाडी कमी वळते तसं) दिसतं आणि टीम सस्पेन्शन बदलत बसते!

म्हणून व्यासाकडे जाण्याआधी पुढची भूमिती पाहा. स्टिअरिंग जड असण्याचं मूळ बहुतेक वेळा कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) आणि स्क्रब रेडियसमध्ये (समोरून पाहता, जमिनीवर त्या अक्षापासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) असतं. कास्टर ७-८ अंशांवरून ४-५ वर आणला, मेकॅनिकल ट्रेल (तेच अंतर, पण बाजूने पाहता) कमी केला, तर तेच ९० मिमीचं पिनियन सहज पेलतं. पण ट्रेल शून्याजवळही नेऊ नका. टायरचा स्वतःचा न्युमॅटिक ट्रेल ग्रिपच्या हद्दीजवळ कमी होत जातो, स्टिअरिंग हलकं पडतं आणि ‘आता पुढचं टोक सुटणार’ हे हातांना आधी कळतं. मेकॅनिकल ट्रेल फार जास्त असला की ही सूचना त्याच्या ओझ्याखाली दबते, फार कमी असला तर सरळ रस्त्यावर गाडी भिरभिरते.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक नव्या गाडीत चुकते: युनिव्हर्सल जॉइंट. कॉलम ३० अंशांत मोडला आणि एकच जॉइंट लावला, तर एका फेऱ्यात गुणोत्तर ०.८७ ते १.१५ पटींमध्ये वरखाली होतं. डावीकडे आणि उजवीकडे स्टिअरिंग वेगळं वाटतं ते यामुळे. दोन जॉइंट लावा, दोन्हीकडचे कोन सारखे ठेवा आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही काटे एकाच पातळीत आणा. काटे ९० अंशांनी चुकले तर चूक रद्द होण्याऐवजी दुप्पट होते.

माझा कल: २५० ते २६० मिमी, खाली चपटं, वरून बंद. त्यातही रिमची जाडी हातमोज्यासकट मूठ मिटेल एवढीच. फार जाड रिममुळे पकड दमते.

---

नियमावली_आधी

टायरॉडभाऊंना अनुमोदन, फक्त एक भर. पहिला तट जे मागतोय ते तुमच्या स्पर्धेत मुळात चालणारच नाही. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत स्टिअरिंगचा परीघ सलग हवा, जवळपास गोल किंवा लंबगोल. काही भाग सरळ चालतो, आत वळलेला म्हणजे खोलगट भाग चालत नाही. वर-खाली उघडं स्टिअरिंग घेऊन गेलात तर तपासणीतूनच परत याल.

आणि चपटं घेणाऱ्यांसाठी: कोणत्याही कोनात स्टिअरिंगचा सर्वात वरचा बिंदू फ्रंट हूपच्या (स्टिअरिंगपुढच्या सुरक्षा कमानीच्या) वर जाता कामा नये. समजा रुंदी २६० आणि उंची २०० मिमी. सरळ असताना केंद्रापासून वर १०० मिमी दिसतं आणि सगळे खूश. ९० अंश फिरवलं की तेच १३० होतं. कॉलमची उंची या १३० वर ठरवा. गुडघ्यांचंही तसंच, फिरवून पाहा. फ्रंट हूपपासून स्टिअरिंग मागे २५० मिमीपेक्षा जास्त नको, आणि एकूण मोकळा प्ले (चाक न हलता स्टिअरिंग जेवढं फिरतं तेवढा) स्टिअरिंगवर मोजून ७ अंशांच्या आत हवा. रॅकला दोन्ही टोकांना पक्के स्टॉप लागतात, टायर कशाला घासून थांबणं म्हणजे स्टॉप नव्हे.

---

ओहम_साठ

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा.

पंधरा-वीस बटणं हा आकडा आधी विसरा. एफ-वनच्या ड्रायव्हरला ती लागतात कारण ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली वाटणी), डिफरेन्शियल, ऊर्जा साठवण-खर्च हे सगळं तो वळणागणिक बदलतो. तरीही चुका होतात. २०१६ मध्ये बाकूला हॅमिल्टनचं इंजिन चुकीच्या मोडमध्ये अडकलं होतं, रेडिओवरून उत्तर सांगायला तेव्हाच्या नियमांत बंदी होती, आणि बरेच लॅप तो गाडी चालवता चालवता मेनू चाळत होता. त्याच बाकूत २०२१ ला शेवटच्या रीस्टार्टला पेरेझ शेजारी आला तेव्हा झटापटीत हॅमिल्टनचा हात एका बटणाला लागला. ते बटण फॉर्मेशन लॅपमध्ये पुढचे ब्रेक तापवण्यासाठी बायस पुढे ढकलायचं. पहिल्या वळणावर पुढची चाकं लॉक झाली आणि दुसऱ्या जागेवरून सुटलेली गाडी सरळ बाहेर. नंतर त्या बटणाभोवती आडोसा घालावा लागला. बटण बिघडलं नव्हतं, सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. जागा चुकली होती.

तुम्हाला लागतं ते असं: वर आणि खाली शिफ्टची दोन पॅडल, न्यूट्रलचं एक बटण, रेडिओ असेल तर त्याचं एक, आणि ट्रॅक्शन किंवा लाँच कंट्रोल वापरणार असाल तर एक रोटरी (फिरवायचा स्विच). बस. इंजिन बंद करायचं शटडाउनचं बटण स्टिअरिंगवर ठेवू नका, ते कॉकपिटमध्ये बाजूला असतं. ड्रायव्हर उतरताना स्टिअरिंग काढून भिरकावतो, आणि ज्या क्षणी ते बटण हवं असतं त्या क्षणी ते गाडीबाहेर पडलेलं असतं.

मांडणी: रोज लागणारं अंगठ्याजवळ, क्वचित लागणारं दूर, आणि चुकून दाबलं तर महागात पडेल अशा बटणाला उभी कडा. हातमोजे घालून, डोळे मिटून, स्टिअरिंग ९० अंश फिरवून बटण सापडतं का ते पाहा. पुठ्ठ्यावर बटणं चिकटवूनही ही चाचणी होते, त्यासाठी काही छापायची गरज नाही.

आता तारा. दोन मार्ग आहेत.

पहिला, प्रत्येक बटणाची तार थेट ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत. तीन-चार बटणांपर्यंत हाच उत्तम, कारण बिघाड मल्टीमीटरने पाच मिनिटांत सापडतो. पॅडलचा स्विच नॉर्मली ओपन ठेवा, दाबला की ग्राउंडला जाईल असा. मग तार तुटली तर शिफ्ट होणार नाही, पण आपोआप शिफ्टही होणार नाही. उलट मांडणीत तार तुटणं आणि पॅडल ओढणं ईसीयूला सारखंच दिसतं. वळणाच्या मध्ये गिअर खाली पडला तर मागची चाकं लॉक होतील.

दुसरा, स्टिअरिंगमध्येच छोटा बोर्ड बसवून कॅनवर (गाडीतल्या यंत्रांची दोन तारांची डेटा लाइन) सगळं पाठवायचं. मग फक्त चार तारा: वीज, ग्राउंड, कॅन हाय, कॅन लो. सुटसुटीत खरं, पण इथे एक हमखास सापळा आहे. कॅनच्या लाइनला दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लागतात. बंद गाडीत हाय आणि लोच्या मध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. स्टिअरिंगमधला बोर्डच जर एक टोक असेल, तर स्टिअरिंग काढलं की १२० दिसतात आणि बाकीच्या लाइनवर चुका सुरू होतात. लॅपटॉप लावून पिटमध्ये बसलात, ड्रायव्हर उतरला, आणि डेटा विचित्र यायला लागला, तर शंका इथे घ्या. टर्मिनेशन (टोकांचे ते रेझिस्टर) गाडीवर ठेवा, स्टिअरिंगची फांदी जमेल तितकी आखूड ठेवा.

रोटरीसाठी बरेच जण रेझिस्टरची शिडी वापरतात, १२ जागा ५ व्होल्टमध्ये. दोन जागांमध्ये फरक सुमारे ०.४५ व्होल्ट. ऐकायला भरपूर वाटतो. पण रोटरीचं ग्राउंड एका ठिकाणी आणि ईसीयूचं सेन्सर ग्राउंड दुसऱ्या ठिकाणी घेतलं, मधे पंखा सुरू झाला, की दोन-तीन दशांश व्होल्ट इथेच सरकतात आणि गाडी स्वतःहून मॅप बदलते. रोटरीचं ग्राउंड सेन्सर ग्राउंडलाच जोडा, बॉडीला नाही.

शिफ्टच्या सिग्नलला २० मिलिसेकंद डीबाउन्स (स्विचची थरथर मोजायची नाही असा वेळ) पुरे. काही जण ‘दोनदा शिफ्ट होऊ नये’ म्हणून ३०० मिलिसेकंदांचं कुलूप घालतात. मग ब्रेकिंगमध्ये ड्रायव्हर पटापट तीनदा ओढतो आणि गिअर दोनच उतरतात. ते कुलूप गिअर पोझिशन सेन्सरवर ठेवा: गिअर बसला की पुढचा हुकूम घ्यायचा. आणि खाली उतरताना इंजिन जास्त फिरणार असेल तर हुकूम नाकारायचं काम ईसीयूचं, पॅडलचं नाही.

शेवटचं, कारण हे कागदावर दिसत नाही. कार्बन फायबर वीज वाहून नेतं. बोर्डाची मागची बाजू कार्बनच्या प्लेटला टेकली, सोल्डरची टोकं घासून आत गेली, की कधी चालतं कधी नाही. मध्ये दोन मिमीचे स्पेसर आणि इन्सुलेशनचा पत्रा घाला.

---

फ्रंटहूप_२१

एवढं तपशिलात लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. उघड्या आकाराचा विषय नियमामुळेच संपला, २५५ मिमी चपटं नक्की करतोय. कास्टर परत पाहतो, आत्ता ८ अंश आहे.

क्विक रिलीज राहिला. हेक्सचा स्वस्त आहे आणि हाताशी आहे, म्हणून एक गट त्याच्या बाजूने आहे. आणि ग्रिप थ्रीडी प्रिंट करायच्या, तर मटेरियल कोणतं?

---

डावा_टायरॉड

हेक्स नको. कारण फार साधं आहे. बसायला-निघायला फट हवीच, आणि ती फट कॉलमच्या मधोमध असते. केंद्रापासून १५ मिमीवर ०.१ मिमी फट असेल तर १२५ मिमीवरच्या रिमला ती ०.८ मिमी होते. नव्या हेक्सला हे जाणवत नाही. पण हेक्सचे कोपरेच भार घेतात, ते गोल होत जातात, आणि काही महिन्यांत ०.१ ची ०.३ होते. स्प्लाइनमध्ये तोच भार सगळ्या दातांत वाटला जातो.

स्प्लाइन घेताना मास्टर स्प्लाइन आहे का ते पाहा, म्हणजे एक दात रुंद किंवा गायब, जेणेकरून स्टिअरिंग एकाच जागी बसेल. ३६ दात असतील तर एक दात चुकला की स्टिअरिंग १० अंश तिरकं. घाईत ड्रायव्हर बदलताना हे होतंच. शिवाय अँगल सेन्सर कॉलमवर असेल तर त्याचा शून्य बरोबर राहतो आणि ड्रायव्हरचा चुकतो, डेटा वाचणाऱ्याला काही कळत नाही.

स्टिअरिंगच्या मागे पूर्ण गोल कॉलर ओढून सुटणारा प्रकार घ्या. एफ-वनच्या नियमांतही कॉलमवरची समकेंद्री कडा ओढून सुटणारीच यंत्रणा सक्तीची आहे, कारण स्टिअरिंग कोणत्याही कोनात अडकलेलं असलं तरी बोटांना कॉलर सापडते. पिन खेचायचा प्रकार स्टिअरिंग उलटं असताना शोधावा लागतो. एफ-वनमध्ये बेल्ट सोडून, स्टिअरिंग काढून ड्रायव्हरला ७ सेकंदांत बाहेर पडावं लागतं आणि एकूण १२ सेकंदांत ते परत बसवावं लागतं. हेलो (डोक्याभोवतीची सुरक्षा कमान) येण्याआधी हेच ५ आणि १० होते. तुमच्याकडे मर्यादा ५ सेकंदांची आहे, त्यामुळे सराव हातमोज्यांसकट करा.

बसवल्यावर प्रत्येक वेळी एकदा जोरात स्वतःकडे ओढायचं. ‘टक्’ आवाज आला म्हणून सोडायचं नाही. कॉलर अर्धी बसली तरी आवाज येतो. कॉलर आणि बॉल्सवर ग्रीसचा थर देऊ नका, धूळ धरून कॉलर अडते. पातळ तेलाचा हात पुरे.

स्टिअरिंगच्या प्लेटला हबचे बोल्ट: बाजारातली बहुतेक स्टिअरिंग सहा बोल्ट, ७० मिमी वर्तुळावर. काहींचं ७४ मिमी असतं. दोन्ही नजरेला सारखीच दिसतात. ७० च्या हबवर ७४ चं स्टिअरिंग भोकं ओढून बसवणं हा उद्योग करू नका, अॅडॉप्टर घ्या. एम ५ चे काउंटरसंक स्क्रू, ३ मिमीची अॅलन की, साधारण ५ न्यूटन-मीटर, आणि मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक. समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. अॅल्युमिनियमच्या हबमध्ये यापेक्षा जास्त जोर लावला की आटे निघतात.

ग्रिपला पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) चालणार नाही, ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. नायलॉन छापा. ग्रिप फक्त हाताला आकार देण्यापुरती. भार आतल्या ४-५ मिमी प्लेटने घ्यायचा. प्लेट कॉलमवर बसवून एका बाजूच्या मुठीला ७० किलो टांगा. ड्रायव्हर उतरताना स्टिअरिंगवर रेलतो, वळण्याच्या जोरापेक्षा तो भार मोठा असतो.

---

जुना_गिअर

ग्रिपचं आलंच आहे तर अंगठ्यांचं सांगतो. अंगठ्याला पूर्ण वेढा घालणारं भोक ग्रिपमध्ये ठेवू नका. पुढचं चाक भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला आदळलं की टाय रॉड रॅकला ढकलतो आणि स्टिअरिंग हातात झटक्यात फिरतं. तुमच्या ९० मिमीच्या पिनियनवर रॅक नुसता १० मिमी ढकलला गेला तरी स्टिअरिंग ४० अंश फिरेल. २०२३ मध्ये झँडवूर्टला सरावात रिकार्डोने धडकेच्या क्षणी स्टिअरिंग धरून ठेवलं आणि डाव्या हाताचं हाड मोडलं. धडक टळत नाही असं दिसलं की हात सोडून छातीशी घ्यायचे, हे ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगायचं. उघड्या ग्रिपमधून हात सुटतो, भोकातून अंगठा सुटत नाही.

---

ओहम_साठ

कॉलरचा क्विक रिलीज घेताय तर वीज कशी नेणार ते आत्ताच ठरवा. स्प्रिंगच्या पिना असलेला कनेक्टर क्विक रिलीजमध्येच असेल तर फारच छान दिसतं, पण मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनात पिना क्षणभर सुटतात आणि स्टिअरिंगचा बोर्ड रीस्टार्ट होतो. बोर्डावर वीज धरून ठेवायला कपॅसिटर नसेल तर या फंदात पडू नका. गुंडाळलेली लवचिक केबल आणि ओढून सुटणारा कनेक्टर जास्त भरवशाचा. केबल दोन्ही लॉकला ताणली जाणार नाही आणि स्टिअरिंग काढताना कनेक्टर आपोआप सुटेल, अशी लांबी हवी. ते सुटायला वेगळा हात लागला तर तुमचे ५ सेकंद तिथेच गेले.

---

नियमावली_आधी

प्ले मोजायची रीत, तपासणीला जाण्याआधी: गाडी जमिनीवर, दोन्ही पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांनी दोन्ही बाजूंनी घट्ट अडवलेली. स्टिअरिंगच्या कडेला टेप लावा, शेजारी स्थिर पट्टी धरा. बोटांनी हलका जोर लागेपर्यंत डावीकडे, खूण. मग उजवीकडे, खूण. २५५ मिमी व्यासाला ७ अंश म्हणजे कडेवर साधारण १५.५ मिमी. नव्या गाडीत ५ मिमीच्या वर आलं तरी थांबा आणि कुठून येतंय ते शोधा. एक जण स्टिअरिंग हलवेल, दुसरा एकेका जोडावर बोट ठेवेल: क्विक रिलीज, वरचा जॉइंट, खालचा जॉइंट, पिनियन, रॅकचं बुशिंग, टाय रॉडचे दोन्ही टोकांचे बेअरिंग. ज्या जोडाच्या एका बाजूला हालचाल आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तोच दोषी. बहुतेकदा तो जॉइंट आणि शाफ्टमधला क्लॅम्प बोल्ट निघतो.